पहिला वर्ग आणि पुढचा रस्ता : मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पिढ्यांची हकीकत



जून महिना आला की आपल्याकडे घरोघरी एक प्रश्न विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी पहिल्या वर्गात आली, पेढे वाटून झाले, आता पुढे काय? हा प्रश्न आपल्या पिढीचा आहे असं आपल्याला वाटतं. पण तो महाराष्ट्रात पहिल्यांदा १८६२ साली विचारला गेला, कारण त्या वर्षी मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. तेव्हापासून पन्नास-साठ वर्षांत ऑनर्स मिळवलेली, पहिल्या वर्गात आलेली ही माणसं कुठे गेली, का गेली आणि त्याची किंमत कोणी दिली, एवढंच आज आपल्याला पाहायचं आहे.

विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ला झाली आणि १८६२ ला बी. ए. च्या पहिल्या परीक्षेत चार जण उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चारच माणसं! आज एका महाविद्यालयाच्या एका वर्गात याच्या वीसपट मुलं असतात. पण या चौघांवर सगळ्या इलाख्याचं लक्ष होतं. सरकारचंही होतं, कारण नवं शिक्षण कसली माणसं घडवतं हे सरकारला पाहायचं होतं. समाजाचंही होतं, कारण ही मुलं इंग्रजी शिकून बिघडतात की सुधारतात यावर पैजा लागलेल्या होत्या.

आता या हुशार मुलांना पोसत कोण होतं, ते बघा. रानडे आणि भांडारकर दोघेही 'दक्षिणा फेलो' होते. पेशवाईत श्रावणमासात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. १८१८ नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. हळूहळू तो पैसा पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे, मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे आणि शेवटी महाविद्यालयातल्या फेलोशिपकडे वळवला. म्हणजे रमण्यातली दक्षिणा जाऊन कॉलेजातली शिष्यवृत्ती आली. पैसा तोच, घेणारा वर्गही बराचसा तोच, फक्त पाठांतराच्या जागी परीक्षा आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

आणि फेलोशिप घेणाऱ्याने कसं वागावं याचीही अपेक्षा होती. रानड्यांच्या चरित्रांत एक हकीकत येते. विद्यार्थी असताना एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना इंग्रजी राज्याशी केली आणि ती इंग्रजांना सुखावणारी नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा रानड्यांवर लोभ होता, तरीही त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. हुशार असायला हरकत नव्हती. हुशारी कुठवर चालवायची, हे मात्र ठरलेलं होतं.

आता पुढचा रस्ता. पहिल्या वर्गात आलेल्या माणसापुढे त्या काळात मुख्यतः तीन वाटा होत्या. एक सरकारी नोकरी, दुसरी वकिली आणि तिसरी शिक्षकी. चौथी वाट, म्हणजे सर्वांत वरची, इंडियन सिव्हिल सर्व्हिस. ती कागदावर खुली होती. पण परीक्षा लंडनला व्हायची. वयोमर्यादा सुरुवातीला तेवीसच्या आसपास, मग १८६६ मध्ये एकवीस, आणि १८७० चं दशक संपता संपता एकोणीस! आपला मुलगा सोळा-सतराव्या वर्षी मॅट्रिक व्हायचा आणि विसाव्या वर्षी बी. ए. म्हणजे मुंबई विद्यापीठाचा उत्तम विद्यार्थी पदवी हातात घेऊन उभा राहायचा, तेव्हा सगळ्यात वरच्या परीक्षेचं वय त्याच्या मागे पडलेलं असायचं. दरवाजा उघडा, पण उंबरठा समुद्रापलीकडे आणि घड्याळही तिकडचंच. त्यातून समुद्र ओलांडला की घरी प्रायश्चित्ताचा वाद ठरलेला.

तेव्हा उरल्या तीन वाटा.

सरकारी नोकरीची वाट रानड्यांनी धरली. एल्फिन्स्टनमध्ये काही काळ इंग्रजी शिकवलं, अक्कलकोट-कोल्हापूर संस्थानांत काम केलं, आणि १८७१ मध्ये ते पुण्याला प्रथमवर्ग दुय्यम न्यायाधीश झाले. पगार आठशे रुपये. त्या काळात ही रक्कम डोळे फिरवणारी होती. पण त्यांनी नोकरी करता करता सार्वजनिक सभेला आकार दिला, प्रार्थना समाजात काम केलं आणि १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपण आज इथे बसलो आहोत ती परंपरा त्यांचीच. याचा मोबदलाही त्यांना मिळाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या सुमारास त्यांची पुण्याहून नाशिकला आणि तिथून धुळ्याला बदली झाली, आणि धुळ्यात त्यांच्या टपालावर पाळत होती. उच्च न्यायालयाची जागा मिळायला १८९३ उजाडलं, आणि तीही काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या अकाली मृत्यूने रिकामी झाली म्हणून.

भांडारकरांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ते शिक्षकीत गेले. सिंधमधल्या हैदराबादला, मग रत्नागिरीला मुख्याध्यापक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक. शिकवणं उत्तम, त्यांची संस्कृतची पुस्तकं शाळाशाळांतून चालू. पण १८७३ मध्ये ती जागा कायम करायची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटर पीटरसन यांना आणून नेमलं. संस्कृत शिकवायची, मुंबईत, आणि ज्याने इथे शिकून नाव कमावलं तो मात्र हंगामी! भांडारकर चिडून बाहेर पडले नाहीत. संशोधन करत राहिले. १८८२ मध्ये डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले, १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि १८९३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे १८९६ मध्ये तर शिक्षणखात्याचे रीतसर दोन मजलेच पाडले गेले. वरचा, विलायतेत भरती होणारा, मुख्यतः युरोपियनांचा. खालचा प्रांतिक, आपल्या लोकांचा. भांडारकरांच्या बाबतीत जे घडलं तो अपवाद नव्हता, पुढे त्याचाच नियम झाला.

इथे मला एक मुद्दा मांडायचा आहे. आपण म्हणतो, अमुक माणूस हुशार होता म्हणून तो तमुक झाला. पण कोण कुठे पोचलं हे ठरवण्यात हुशारीइतकाच वाटा शिडीच्या उंचीचा असतो. वर छत असेल तर उत्तम चढणाराही छतालाच डोकं टेकून उभा राहतो. मग काही जण तिथेच उभे राहतात, काही बाजूला नवी शिडी लावतात.

नवी शिडी लावण्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण ती आपण जरा देव्हाऱ्यातून खाली काढून पाहू.

बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. त्यानंतर एम. ए. ला बसले आणि जमलं नाही. मग १८७९ मध्ये एलएल. बी. झाले. कॉलेजातले त्यांचे सोबती गोपाळ गणेश आगरकर. कराडजवळच्या टेंभूचा मुलगा, घरची परिस्थिती अशी की एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, अशी आठवण सांगितली जाते. या दोघांनी डेक्कन कॉलेजच्या टेकड्यांवर फिरताना ठरवलं की सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी नोकरीचा राजीनामा दिलेलाच होता. २ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. एम. ए. करून आगरकर पुढच्या वर्षी आले. वामन शिवराम आपटे आले, तेही एम. ए., संस्कृतचे गाढे विद्वान. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज.

आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र महाराष्ट्राला माहीत आहे. त्याचा आशय असा की, मोठ्या परीक्षा देणारा मुलगा मोठा पगार आणील अशी आशा तू धरू नकोस, पोटापुरतं मिळवून मी बाकीचा वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. आपण हे पत्र वाचतो तेव्हा लिहिणाऱ्याकडे पाहतो. जरा वाचणारीकडे पाहा. टेंभूला बसलेली ती आई. तिने काय काय मनात मांडलं असेल! हुशार मुलाच्या त्यागाची पहिली हप्तेबंदी घरच्यांच्या नावावर निघते, हे इतिहासात सहसा लिहिलं जात नाही.

सोसायटीचा नियम असा होता की आजीव सदस्याने वीस वर्षं सेवा करायची, वेतन महिना पंचाहत्तर रुपये. रानड्यांचे आठशे आठवा. एकाच विद्यापीठाच्या, जवळजवळ सारख्याच गुणवत्तेच्या माणसांमध्ये दहापट फरक, आणि तो स्वतःहून पत्करलेला. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ मध्ये एल्फिन्स्टनहून बी. ए. झाले आणि या पंचाहत्तरात आले. त्यांच्या शिक्षणासाठी थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, स्वतःचं शिक्षण सोडून तुटपुंज्या पगाराची नोकरी धरली होती. धोंडो केशव कर्वे, तेही १८८४ चेच, गणित घेऊन बी. ए. ते १८९१ मध्ये फर्ग्युसनला आले, कारण टिळकांनी राजीनामा दिल्यामुळे गणिताची जागा रिकामी झाली होती.

हो, टिळकांचा राजीनामा. तोही समजून घेऊ, नाहीतर ही कहाणी फार गोड होईल. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. वाद अनेक होते, पण मुळाशी पैशाचा आणि निष्ठेचा प्रश्न होता. आजीव सदस्याने बाहेर काम करून जास्तीचं मिळवलं, तर ते त्याचं की संस्थेचं? टिळकांचं म्हणणं कडक होतं, सगळं संस्थेला. इतरांचं म्हणणं, पंचाहत्तरात संसार चालत नाही, थोडी मोकळीक हवी. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपण घेतलं, हेही ठिणगीला कारण झालं. दोन्ही बाजूंना सज्जन माणसं होती. विशीत घेतलेली शपथ पस्तिशीत, घरात मुलंबाळं असताना कशी पाळायची, हा तो वाद होता. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात एकत्र डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढलेले टिळक-आगरकर पुढे वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तुटून पडले, ते आपल्याला ठाऊक आहेच.

तरीही नव्या शिडीची ताकद पाहायची असेल तर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पाहा. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, कर्व्यांच्या घरी राहून शिकलेला. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये गणितात सीनिअर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. त्याच्यासाठी कुठलीही मोठी जागा अवघड नव्हती. पण जाण्याआधी फर्ग्युसनला शब्द दिलेला होता. परत आला, आजीव सदस्य झाला आणि १९०२ पासून प्राचार्य म्हणून काम करू लागला. जगातली अवघड परीक्षा पहिल्या नंबराने पास होऊन पुण्यात पंचाहत्तर रुपयांवर!

आता दुसरी बाजू. या माणसांच्या तब्येतीचं काय झालं? हा प्रश्न माझा नाही, खुद्द रानड्यांचा आहे. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईच्या पदवीधरांपुढे याच विषयावर व्याख्यान दिलं की आपल्या विद्यापीठाचे पदवीधर इतक्या लवकर मरतात का? त्यांनी नावांची मोजदाद केली होती, आणि परीक्षांच्या ओझ्याकडे बोट दाखवलं होतं. अभ्यासापायी स्वतः त्यांचे डोळे विद्यार्थिदशेतच बिघडले होते. तुम्हीच हिशेब करा. चिपळूणकर बत्तिसाव्या वर्षी गेले. आपटे, ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही आपण उघडतो, ते चौतिशीत. आगरकर एकोणचाळिशीच्या आत, १७ जून १८९५ ला. तेलंग त्रेचाळिसाव्या वर्षी. गोखले एकोणपन्नाशीच्या आत. आगरकरांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. भांडारकर अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले आणि कर्वे तर एकशे चार, पण ते अपवाद. त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीचा हिशेब पुसता येत नाही.

आणि आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. शिडीच्या पायथ्याशी उभं राहायला कोणाला मिळत होतं?

ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केलं. त्यांचा रोख स्पष्ट होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून, खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आणि इतके खर्च करून जे पदवीधर तयार झाले, त्यांनी आपल्या अडाणी बांधवांसाठी केलं काय? हा सवाल न्यू इंग्लिश स्कूलला तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा आहे. पुण्याचे हुशार पदवीधर त्याग करत होते हे खरं. पण तो त्याग ज्या शाळा-कॉलेजांत उतरला, तिथे पोचणारी मुलं बहुतेक त्यांच्याच वाड्यांतली होती, हेही खरं. दोन्ही खरी वाक्यं एकाच दमात म्हणता आली पाहिजेत. ती म्हणायला आपल्याला अजून जड जातं.

कॉर्नेलिया सोराबजी घ्या. जन्म नाशिकचा, १८६६ चा. डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात एकटी बसून शिकली आणि पहिल्या वर्गात आली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. त्या निकालावर विलायतेत शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. मिळाली नाही, कारण ती बाई होती! निकाल मान्य, माणूस अमान्य. काही काळ तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला आणखी तीस वर्षं लागली, कारण तोवर ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. मधल्या काळात पडद्यातल्या स्त्रियांच्या मिळकतींची कामं तिने पाहिली, ज्या पुरुष वकिलापुढे येऊच शकत नव्हत्या. म्हणजे शिडी नाकारलेल्या बाईने शिडीच नसलेल्या बायकांचं काम केलं.

आणि भीमराव आंबेडकर. एल्फिन्स्टनहून १९१२ मध्ये बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात. तिथून लंडन. शिष्यवृत्तीचा करार होता की परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. शब्दाप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले. कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. कचेरीत चपराशी लांबूनच कागद टाकत. ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. दिवसभर बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

फर्ग्युसनच्या मंडळींना वीस वर्षांची शपथ मोडायची की पाळायची हा प्रश्न होता. आंबेडकरांना दहा वर्षांचा करार पाळायचाच होता, पण शहराने तो पाळू दिला नाही. पंचाहत्तर रुपयांवर समाधान मानण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी तुम्हाला घर भाड्याने द्यावं लागतं. त्याग करता येणं हीसुद्धा एक मिळकत आहे आणि ती सगळ्यांच्या वाट्याला आलेली नव्हती.

शेवटी आणखी एक नाव, म्हणजे हे वर्तुळ कुठे पोचलं ते कळेल. चिंतामणराव देशमुख. मॅट्रिकला इलाख्यात पहिले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, केंब्रिजला शिकून १९१८ मध्ये आय. सी. एस. च्या परीक्षेत पहिले. ज्या दरवाजाचा उंबरठा रानड्यांच्या पिढीला गाठता आला नव्हता तो त्यांनी सहज ओलांडला. नोकरी सोडून देशकार्यात पडावं का, असा प्रश्न त्यांच्या मनात होता, आणि लंडनमध्ये टिळकांची भेट झाली तेव्हा त्यांनी तो विचारला. टिळकांनी सांगितलं, नोकरी करा, हा अनुभव पुढे देशाला लागणार आहे. अशी ही हकीकत सांगितली जाते. विचार करा, चाळीस वर्षांपूर्वी सरकारी नोकरीला नकार देऊन शाळा काढणारा माणूस हे सांगतो आहे! त्यांनी आपलं तत्त्व सोडलं असं मला वाटत नाही. काळ कुठे चालला आहे हे त्यांना दिसलं होतं. देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं.

तेव्हा मंडळी, पहिल्या वर्गात आलेल्याने नोकरी करावी की शाळा काढावी, याचं एक उत्तर इतिहास देत नाही. नोकरीत राहून रानड्यांनी संस्था उभ्या केल्या, नोकरी नाकारून आगरकरांनी. चुकलं कोणीच नाही. पण इतिहास दोन-तीन साधे प्रश्न मात्र हातात देतो. माझ्या शिक्षणाचा पैसा कुठून आला? माझ्यासाठी घरात कोणी स्वतःचं शिक्षण सोडलं? आणि मी ज्या शिडीवर उभा आहे तिच्या पायथ्याशी कोणाला फिरकू दिलं जात नाही?

या सभागृहात नुकतीच निकाल लागलेली बरीच मुलंमुली बसलेली दिसतात. तुमचं मनापासून अभिनंदन. आज घरी गेल्यावर फार काही करू नका. यातला पहिला प्रश्न तेवढा आईवडिलांना विचारा. आणि पालकांनो, तुम्ही खरं उत्तर द्या.